चाक आणि खडा

पावणेदोन हात लांबीची व वीतभर रुंदीची एक लांकडी फळी, तिच्या पोटाशीं दोन आंस, आणि त्या आंसांच्या टोकांस चार लहान चाकें, एवढाच ज्या वस्तूचा सारा संसार, त्या स्केटबोर्डाचा इतिहास पाहूं इच्छिणारानें फळीकडे पाहावें कीं चाकांकडे? दुकानांत प्रथमच शिरलेला मुलगा फळीकडे पाहतो. तिच्यावरचें चित्र, तिचे रंग, तिचा बांक त्याच्या डोळ्यांत भरतो. मुरलेला खेळाडू मात्र ती फळी उलटी करतो, एक चाक बोटानें फिरवून त्याचा आवाज ऐकतो, आणि त्याच्या कडेस छापलेले दोन आंकडे वाचतो. एक आंकडा चाकाच्या व्यासाचा, दुसरा त्याच्या कठीणपणाचा. हे दोन आंकडे चाकावर येऊन बसेपर्यंत पुष्कळ काळ लोटला, आणि त्या अवधींत पुष्कळ मुलांचीं मनगटें मोडलीं.

पायांखालीं चाकें बांधून धांवण्याची हौस जुनीच आहे. अठराव्या शतकांत जोसेफ मर्लिन नांवाचा एक कल्पक कारागीर आजच्या बेल्जममधून लंडनला येऊन राहिला होता. सोहो भागांतील कार्लाइल हाउसच्या एका समारंभांत तो पायांस चाकें लावून व व्हायोलिन वाजवीत शिरला, आणि थांबण्याची व वळण्याची सोय नसल्यामुळें थेट एका भारी किंमतीच्या आरशावर जाऊन आदळला, अशी हकीकत त्याच्याविषयीं सांगतात. आरसा फुटला, व्हायोलिन मोडलें, आणि मर्लिनसाहेब स्वतः चांगलेच जखमी झाले. वळण्याची सोय पुढें १८६३ सालीं न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यानें केली. त्यानें दोन दोन चाकांच्या दोन जोड्या लावल्या, आणि आंस व पावलाखालचा पत्रा यांच्यामध्यें रबराची गादी घातली. तेणेंकरून अंग ज्या बाजूस झुकेल त्या बाजूस चाकें वळूं लागलीं. आजच्या स्केटबोर्डाखालीं जो धातूचा सांगाडा असतो व ज्यास खेळाडू 'ट्रक' म्हणतात, तो याच योजनेचा वंशज होय. त्यानंतर १८८४ सालीं लेव्हंट रिचर्डसन यानें चाकाच्या पोटांत पोलादी गोळ्या बसविण्याचें पेटंट घेतलें. वळणें साधलें, फिरणें सुलभ झालें. चाकाची बाहेरची कड, जिची गांठ प्रत्यक्ष जमिनीशीं पडते, ती कशाची असावी हा प्रश्न मात्र तसाच राहिला. दिवाणखान्यासारख्या गुळगुळीत लांकडी जमिनीवर तो कोणास फारसा बोंचतही नव्हता.

तो बोंचूं लागला रस्त्यावर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील मुलें जुने स्केट मोडून त्यांचे दोन तुकडे फळीखालीं खिळ्यांनीं ठोकीत. फळीवर फळांची रिकामी पेटी उभी केली आणि पेटीस दांडी लावली कीं गाडी तयार होई. पुढें पेटी गेली, दांडी गेली, नुसती फळी उरली. या युक्तीचा कोणी एक जनक नाहीं. ती गल्लोगल्लीं मुलांनींच काढली. आपल्याकडे कारखान्यांच्या वस्तींतून टाकाऊ बेअरिंगें जमवून मुलें जी फळीची गाडी करीत, तिचीच ही दूरची बहीण. उतारावरून ती गाडी येऊं लागली म्हणजे तिचा खडखडाट आधीं येई आणि गाडी मागाहून. १९५९ च्या सुमारास अमेरिकन दुकानांतून तयार फळ्या मिळूं लागल्या, त्यांचींही चाकें पोलादीच होतीं.

पोलादाचें चाक झिजत नाहीं, हा त्याचा एकमेव गुण. बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव चढवितात ती चाक टिकावें म्हणून. गाडीवानाच्या कमरेचा विचार तींत नसतो. डनलॉप यानें १८८८ सालीं बेलफास्ट येथें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवेनें फुगविलेली रबरी धाव लावली, आणि मोठ्या चाकांची ही अडचण मिटली. परंतु दोन इंच व्यासाच्या चाकांत हवा कोठें भरणार? तेथें भरीव वस्तूच हवी, आणि ती एकाच वेळीं जमिनीस धरणारी, झिजेस न भिणारी व चपळ अशी हवी. भरीव रबर दबतें, पण दबलेलें पुरतें उसळत नाहीं. तें चाल खातें.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणारीं तरुण मंडळी होती. ज्या दिवशीं लाट नसे त्या दिवशीं ही मंडळी रस्त्याच्या उतारावरच लाटेची हौस भागवी. १९६२-६३ पासून लाटांच्या फळ्या विकणाऱ्या दुकानांनीं व कारखानदारांनीं हा धंदा हातीं घेतला, आणि चाकांसाठीं ते स्केटिंगच्या मैदानांकडे वळले. तेथें एका मिश्रणाचीं चाकें वापरांत होतीं. त्यांना 'क्ले', म्हणजे मातीचीं चाकें म्हणत; तीं निव्वळ मातीचीं नव्हतीं, पण दिसण्यांत व ठिसूळपणांत नांवास शोभत. पोलादापेक्षां तीं शांत होतीं आणि जमिनीस थोडी अधिक धरीत. एवढ्या भांडवलावर या खेळाची पहिली मोठी लाट उसळली. १९६५ च्या मे महिन्यांत 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅटी मॅक्गी ही मुलगी चालत्या फळीवर हातांवर उभी असलेली झळकली. त्याच वर्षीं अनाहाइम येथें मोठे सामने झाले आणि ते दूरचित्रवाणीवरून देशभर दिसले.

आणि त्याच वर्षीं हा खेळ कोसळला.

कारण शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. तें रस्त्यावर पडलेलें होतें, आणि तें हरभऱ्याएवढें होतें. मातीचें चाक डांबरी रस्त्यावर घांसलें कीं कांहीं तासांच्या खेळांतच झिजे, कडेचे टवके उडत, आणि तीव्र वळणावर तें अकस्मात् घसरे. पण खरा वैरी खडा. कठीण चाकापुढें खडा आला म्हणजे दोनच गोष्टी घडूं शकतात: चाकानें खड्यावर चढावें, किंवा खड्यानें चाक अडवावें. मोठें चाक चढून जातें. लहान चाकापुढें तोच खडा उंबरठ्यासारखा ठरतो. चाक थांबतें, फळी थांबते, वर उभा असलेला मुलगा थांबत नाहीं. न्यूटनचा पहिला नियम शाळेच्या पुस्तकांत पाठ होत नसला, तरी असा एकदां कोपरावर लिहिला गेला म्हणजे जन्मभर विसरत नाहीं. इस्पितळांत मोडक्या हातांचीं मुलें येऊं लागलीं. डॉक्टर मंडळींनीं या खेळास धोक्याचा ठरविलें, अनेक शहरांनीं रस्त्यांवर बंदी घातली, दुकानदारांनीं मागण्या रद्द केल्या. दोष खेळाच्या माथीं बसला, मुलांच्या उनाडपणाच्या माथीं बसला. चाकाच्या माथीं बसला नाहीं. वडीलधाऱ्यांची ही चूक समजण्यासारखी आहे. मुलगा पडलेला दिसतो, खडा दिसत नाहीं.

ज्या पदार्थानें पुढें हा खेळ तारला, तो त्या वेळीं नवा नव्हता. जर्मनींत लेव्हरकुझेन येथें ओटो बायर व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९३७ सालीं पॉलियुरेथेन हा पदार्थ रासायनिक क्रियेनें सिद्ध केला होता. या पदार्थाची मौज अशी, कीं घटकांचें प्रमाण बदललें म्हणजे त्याचा स्वभावच बदलतो. एका प्रमाणांत त्याची गादींत भरण्याजोगी फेंसाळ वस्तु होते, दुसऱ्या प्रमाणांत सांच्यांत ओतून घट्ट, लवचिक व चिवट असे भाग करतां येतात. रबरासारखा तो दबतो, पण रबरापेक्षां झीज फार अधिक सोसतो. अमेरिकन कारखान्यांत त्याचे नाना प्रकारचे भाग ओतले जात होते, आणि त्यांत स्केटचीं चाकेंही होतीं.

व्हर्जिनिया संस्थानांत पर्सेलव्हिल नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें क्रिएटिव्ह युरेथेन्स या कारखान्यांत १९७० सालीं फ्रँक नॅसवर्दी नांवाचा एक तरुण आपल्या मित्राबरोबर सहज गेला. कारखाना मित्राच्या वडिलांचा होता. तेथें त्याला युरेथेनच्या चाकांचा ढीग दिसला. हीं चाकें स्केटिंगच्या मैदानांसाठीं ओतलीं होतीं. भाड्यानें स्केट घेऊन येणाऱ्या नवशिक्यांचे पाय घसरूं नयेत म्हणून मऊ चाकें करावीं, ही कल्पना चांगली होती. परंतु गुळगुळीत लांकडी जमिनीवर मऊ चाक मंद चालतें, आणि स्केटिंग करणारांस वेग हवा असतो. तेथें त्या चाकांचें कौतुक झालें नाहीं. नॅसवर्दीनें व त्याच्या मित्रांनीं त्यांतलीं कांहीं घरीं नेऊन आपल्या जुन्या फळ्यांस लावलीं आणि रस्त्यावर नेलीं. मैदानावर जो अवगुण ठरला होता, तोच डांबरी रस्त्यावर गुण ठरला.

असें कां व्हावें, हें समजून घेण्यासारखें आहे. मऊ चाक जमिनीवर टेंकतें तेथें किंचित् दबून सपाट होतें आणि सुटतांना पुन्हां गोल होतें. या दबण्याउसळण्यांत थोडी शक्ति उष्णतेच्या रूपानें वांयां जाते. जमीन गुळगुळीत असली तर हा निव्वळ तोटा आहे, आणि म्हणून तेथें कठीण चाक जिंकतें. पण रस्ता खडबडीत असला तर कठीण चाकास प्रत्येक उंचवट्यावर चढावें लागतें, आणि चढतांना फळी व स्वार यांचें सगळें वजन तें वर उचलतें. त्याचा वेग त्या उचलण्यांत व थरथरण्यांत जातो. मऊ चाक उंचवटा पोटांत घेतें. जेवढा भाग खड्यावर, तेवढाच दबतो. वरचा स्वार जवळजवळ समपातळींत पुढें जातो. सारांश, चाकाच्या मऊपणाचा हिशेब जमिनीवांचून मांडतांच येत नाहीं, आणि मातीचें चाक रस्त्यावर आणणाऱ्या कारखानदारांनीं नेमका तोच हिशेब मांडला नव्हता.

१९७१ मध्यें नॅसवर्दी कॅलिफोर्नियांत एन्सिनिटास येथें राहावयास गेला. तेथें उतार होते, ऊन होतें, रस्ते होते, आणि फळ्या मात्र अडगळींत पडल्या होत्या. त्याला ती मऊ चाकें आठवलीं. उपाहारगृहांत काम करून सांठविलेले सुमारें सातशें डॉलर त्यानें या कामांत घातले, पर्सेलव्हिलच्या कारखान्याकडून स्केटबोर्डाच्या मापाचीं चाकें करवून घेतलीं, आणि एका थाटाच्या अमेरिकन मोटारीवरून त्यांचें नांव 'कॅडिलॅक' ठेविलें. किनाऱ्यावरच्या दुकानदारांनीं आरंभीं नाकें मुरडलीं. मेलेल्या खेळाचें सामान कोण घेणार? शिवाय मातीच्या चाकांपेक्षां हीं महागही होतीं. जाहिरात मुलांनींच केली. एका मुलाच्या फळीस तीं चाकें लागलीं, कीं त्याच्यामागून उतरणाऱ्या दहा मुलांस आपल्या पायांखालचा खडखडाट ऐकूं येऊं लागे. दोन-तीन वर्षांत मातीचें चाक बाजारांतून उठलें. कॅडिलॅकच्या पाठोपाठ इतर अनेक कारखाने या धंद्यांत उतरले, आणि पहिल्या माणसाचें राज्य फार दिवस टिकलें नाहीं.

चाकाची कड सुधारली तेव्हां त्याच्या पोटांतली खोड उघडी पडली. जुन्या चाकांत पोलादी गोळ्या सुट्या असत. नट थोडा सैल झाला कीं त्या गोळ्या रस्त्यावर सांडत, आणि मुलें गुडघ्यांवर बसून त्या वेंचीत. घट्ट आंवळला तर चाक फिरेना. १९७५ च्या सुमारास 'रोड रायडर' चाकें आलीं. त्यांत गोळ्या एका बंद कड्यांत बसविलेल्या होत्या. आज सर्वत्र चालणारें बेअरिंग बाहेरून २२ मिलिमीटर व्यासाचें, ७ मिलिमीटर जाडीचें, आणि मध्यें ८ मिलिमीटरचें भोक असलेलें असतें. प्रत्येक चाकांत दोन, म्हणजे एका फळीस आठ. चाकें कोणाचींही असोत, बेअरिंग कोणाचेंही असो, तें बसतें.

त्याच १९७५ सालीं डेल मार येथील सामन्यांत सँटा मोनिकाच्या झेफिर दुकानाच्या मुलांनीं जमिनीशीं अंग लववून, तळहात टेंकून वळणें घेतलीं, तेव्हां जुन्या पद्धतीचे परीक्षक गोंधळले. तीं वळणें मातीच्या चाकांवर घेतां आलीं नसतीं; चाक घसरलें असतें. पाठोपाठ १९७६-७७ चें अवर्षण आलें. कॅलिफोर्नियांतील पोहण्याचे कितीएक हौद कोरडे पडले, आणि ही मुलें भिंती ओलांडून त्या हौदांत उतरलीं. पाण्यावांचून लोक हवालदिल झाले असतां मुलांस मात्र सिमेंटची लाट सांपडली. हौदाच्या वक्र भिंतीवर चढण्यास वेग हवा आणि तेथें टिकण्यास पकड हवी, म्हणून चाकें मोठीं व रुंद होत गेलीं. चाकांच्या रसायनाकडे ज्यांनीं अभियंत्याच्या नजरेनें पाहिलें त्यांत जॉर्ज पॉवेल हा प्रमुख होता. त्याच्या चाकांस त्यांच्या पांढऱ्या रंगावरून 'बोन्स', म्हणजे हाडें, हें नांव मिळालें. या खेळाच्या पूर्वेतिहासाचें स्मरण ठेवलें तर तें नांव जरा अमंगळच म्हणावें लागेल.

चाकाचा कठीणपणा मोजण्याचें साधन या खेळाहून जुनें आहे. आल्बर्ट शोर या अमेरिकन संशोधकानें १९२० नंतरच्या दशकांत तें प्रचारांत आणलें. स्प्रिंगच्या जोरानें एक बोथट सुई पदार्थावर दाबावयाची, आणि ती किती रुतते तें पाहावयाचें. पूर्ण अडीच मिलिमीटर रुतली तर शून्य, मुळींच रुतली नाहीं तर शंभर. चाकावर '७८ ए' किंवा '९९ ए' असें लिहिलेलें असतें तें याच मापाचें. अर्थात् सुई फक्त कठीणपणा सांगते. दोन कारखान्यांचीं एकाच आंकड्याचीं चाकें एकसारखीं चालतीलच असें नाहीं, कारण दबलेला पदार्थ किती उसळतो हें त्याच्या घटकांवर ठरतें, आणि तें गणित कारखानदार कोणास सांगत नाहीं.

तेव्हां आज जो निवड करूं बसेल त्यानें प्रथम आपल्या दारापुढचा रस्ता पाहावा. खडबडीत डांबर, फरशांच्या फटी, पडलेली खडी यांतून केवळ इकडून तिकडे जावयाचें असेल तर व्यास ६० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, आणि कठीणपणा ७८ ते ८७ च्या दरम्यान असावा. गुळगुळीत सिमेंटवर फळीसह उड्या मारावयाच्या, कठड्यावरून घसरावयाचें असेल तर ५० ते ५४ मिलिमीटर आणि ९९ ते १०१. हौदासारख्या वक्र भिंतींसाठीं ५४ ते ६० मिलिमीटर, तेंही कठीणच. स्वार वजनदार असला तर मऊ चाक अधिक दबतें. त्यानें थोडें कठीण घ्यावें. मोठीं चाकें लावतांना एक खबरदारी अवश्य घ्यावी. वळणावर फळी झुकली कीं मोठें चाक फळीच्या पोटास लागतें आणि जागच्या जागीं थांबतें. मग जुन्या खड्यानें जें केलें असतें तेंच ती फळी करते. यासाठीं ट्रक व फळी यांच्यामध्यें रबराचा किंवा प्लास्टिकचा जाड तुकडा घालतात. नवशिक्या मुलास वडिलांनीं पहिल्याच दिवशीं सामन्यांतल्या खेळाडूचीं कठीण चाकें घेऊन देऊं नयेत, हें तर सांगावयासच नको; पण दुकानांत बहुधा तींच घेतलीं जातात.

इतकें कळल्यावर तरी लोक शहाणे झाले असतील असें वाटेल. तसें झालें नाहीं. १९७८ च्या सुमारास फ्लॉरिडाच्या ॲलन गेलफंड यानें हात न लावतां फळीसह उसळण्याची युक्ति काढली, आणि १९८० नंतर रॉडनी मलन यानें ती सपाट जमिनीवर आणली. खेळ हौदांतून पुन्हां रस्त्यावर आला. फळी हवेंत फिरवावयाची तर ती हलकी हवी, म्हणून चाकें लहान होऊं लागलीं. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत या हौसेस ताळतंत्र राहिलें नाहीं. चाळीस मिलिमीटरचीं, क्वचित् त्याहूनही लहान चाकें निघालीं. बेअरिंग २२ मिलिमीटरचें. म्हणजे त्याच्या भोंवतीं उरलें तें जेमतेम ९ मिलिमीटर युरेथेन. चाक कसलें, बेअरिंगवर चढविलेलें टोपणच तें! तीस वर्षांपूर्वींचा खडा दबा धरून बसलाच होता. पुन्हां मुलें एवढ्याशा खड्यावर आपटूं लागलीं, पुन्हां वेग गेला, आणि कांहीं वर्षांनीं चाकें मुकाट्यानें पन्नाशीच्या वर गेलीं. या वेळीं मात्र खेळ मेला नाहीं. चाक चुकीचें आहे हें मुलांस ठाऊक होतें आणि दुसरें चाक दुकानांत होतें.

टोकियोचे ऑलिंपिक सामने महामारीमुळें एक वर्ष लांबून २०२१ सालीं झाले, तेव्हां हा खेळ त्यांत प्रथम दाखल झाला. रस्त्यासारख्या रचनेच्या मैदानावर मुलींत सुवर्णपदक मोमिजी निशिया या तेरा वर्षांच्या जपानी मुलीनें मिळविलें, पुरुषांत तें युतो होरिगोमे यास मिळालें. तें मैदान झाडून स्वच्छ ठेविलेलें, एकसंध सिमेंटचें होतें. सामन्याचें मैदान सोडून गांवांतल्या रस्त्यानें जावयाचें असेल तर कित्येक खेळाडू दुसरी फळी बाळगतात, किंवा तीच फळी उलटी करून चाकें बदलतात. त्यास अर्ध्या इंचाच्या नटास बसणारा एक पाना पुरतो. चारी नट सोडावे, जुन्या चाकांतलीं आठ बेअरिंगें काढून नव्यांत दाबावीं, आणि नट आंवळतांना चाक किंचित् हलेल इतकी जागा ठेवावी.